फवारणीनंतर ओढ्यात मासे मेले, तर गावाला काय सांगाल?

सायपरमेथ्रीन, लॅम्बडा सायहॅलोथ्रीन ही कीटकनाशके माशांना अत्यंत विषारी आहेत. ओढ्यात पंप धुतला किंवा फवारणीनंतर लगेच पाऊस होऊन शेतातले पाणी ओढ्याला मिळाले, की मासे तरंगू लागतात. पहाटे मासे वर येऊन धापा टाकत असतील, तर पाण्यातील प्राणवायू कमी झालेला असू शकतो. पण सोबत खेकडे, झिंगे, पाणकिडेही मेले असतील, तर कीटकनाशकाचा संशय धरा.

असे मासे ताजे दिसतात, म्हणून लोक ते पाटीभर घरी नेतात. ‘पाणी दूषित आहे’ एवढ्या सूचनेने कोणी थांबत नाही. जागा आणि दिवस सांगा: ‘पुलाखालच्या ओढ्यात आज मेलेले मासे खाऊ नका, विकू नका, सुकवू नका, कोंबड्यांनाही घालू नका.’ ‘धुऊन, तळून घेतले तर?’ हा प्रश्न हमखास येतो. उत्तर ‘नाही’ असेच द्या. शिजवल्याने विष जाईल याची खात्री नसते. मात्र सरसकट ‘मासेच खाऊ नका’ म्हणू नका. मासेवालीचा धंदा विनाकारण बुडतो आणि पुढच्या वेळी तुमचे कोणी ऐकत नाही.

कोणी खाल्ले असतील आणि उलटी, लाळ, घाम, चक्कर असा त्रास झाला, तर ताक, लिंबूपाणी देत घरी थांबू नका. औषधाची बाटली किंवा लेबल घेऊन लगेच दवाखाना गाठा. मेलेले मासे हातमोजे घालून गोळा करा आणि पाण्यापासून दूर, खोल खड्ड्यात पुरा.