परीक्षा कोणाची?

अमेरिकेतील सार्वजनिक शाळेत जाणाऱ्या मुलाच्या आईबापांच्या हाती वर्षातून एकदा एक निकालपत्र पडते. त्यावर मुलाच्या नावापुढे काही आकडे असतात, एखादा आलेख असतो, आणि मूल इयत्तेच्या अपेक्षेस उतरले की नाही हे सांगणारा एखादा शब्द असतो. सार्वजनिक शाळा म्हणजे आपल्याकडे ‘पब्लिक स्कूल’ ह्या नावाने मिरवणारी महागडी शाळा नव्हे. लोकांच्या करांवर चालणारी, वस्तीतील कोणत्याही मुलाला फी न घेता प्रवेश देणारी शाळा. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतही हे निकालपत्र येते, आणि त्याची चर्चा इकडच्या आजीआजोबांपर्यंत पोचते. ते कसे वाचावे हे सांगणारी माहितीपत्रके पुष्कळ आहेत. परंतु तो आकडा आला कोठून आणि तो मुळात कोणाविषयी बोलत आहे, हे समजल्यावाचून त्याचा अर्थ लागत नाही. आणि ते समजून घेण्यासाठी इतिहासाकडेच वळावे लागते.

ह्या इतिहासाचा आरंभ १८४५ साली बॉस्टन शहरात झाला असे मानण्यास हरकत नाही. तोपर्यंत तेथील शाळांच्या वार्षिक परीक्षा तोंडी असत. शाळासमितीचे सभासद येत, गावकरी जमत, निवडक मुले पाठ केलेली उत्तरे घडाघड म्हणून दाखवीत, आणि सर्व मंडळी समाधानाने घरी जात. मॅसॅच्युसेट्स राज्याच्या शिक्षणमंडळाचा चिटणीस होरेस मॅन ह्याला हे समाधान मान्य नव्हते. १८४३ साली युरोपचा प्रवास करून त्याने प्रशियातील शाळांची वाखाणणी करणारा अहवाल लिहिला. त्यामुळे दुखावलेल्या बॉस्टनच्या ३१ मुख्याध्यापकांनी त्याच्यावर उघड टीका केली. हा वाद वाक्पटुत्वाने मिटणारा नव्हता. मॅनचा मित्र सॅम्युअल ग्रिडली हाउ शाळासमितीवर निवडून आला, आणि १८४५ च्या उन्हाळ्यात समितीने शाळाशाळांतून वरच्या वर्गांतील सुमारे ५३० मुलांपुढे छापील प्रश्न ठेवले. प्रश्न सर्वांना एकच, वेळ सर्वांना सारखाच, आणि उत्तरे लेखी. ही मुले त्या शाळांतील उत्तम समजली जाणारी होती. तरी सरासरी गुण शेकडा ३० च्या आसपासच भरले.

ह्या प्रसंगात एक गोष्ट विशेष लक्षात ठेवण्यासारखी आहे. कागदावर मुलांनी लिहिले, पण परीक्षा होती ती शाळांची आणि शिक्षकांची. मॅन आणि हाउ ह्यांना मुलांची प्रतवारी लावावयाची नव्हती. घोकंपट्टी म्हणजे शिक्षण नव्हे हे त्यांना सिद्ध करावयाचे होते. मात्र शाळांची तुलना करणारे तक्ते प्रसिद्ध झाले, काही शिक्षकांना जागा गमवाव्या लागल्या, आणि एका साध्या कागदात केवढी सत्ता दडलेली आहे हे सर्वांना कळून चुकले.

त्यानंतरच्या पन्नास-पाऊणशे वर्षांत ह्या सत्तेला शास्त्राचे वस्त्र मिळाले. जोसेफ मेयर राइस ह्याने १८९० नंतरच्या दशकात तीस हजारांहून अधिक मुलांना शुद्धलेखनाची एकच कसोटी दिली, आणि दररोज अधिक वेळ शब्द घोकणारी मुले थोडा वेळ देणाऱ्या मुलांपेक्षा फारशी पुढे नसतात असे दाखवून दिले. १९१२ साली स्टार्च आणि एलियट ह्या दोन संशोधकांनी इंग्रजीची एकच उत्तरपत्रिका अनेक शाळांतील शिक्षकांकडे तपासावयास पाठविली. कोणी तिला ५० गुण दिले, तर कोणी ९७. पुढच्या वर्षी भूमितीच्या उत्तरपत्रिकेची तीच गत झाली, किंबहुना तफावत अधिकच निघाली. मुलाचे भवितव्य परीक्षकाच्या लहरीवर सोपवावयाचे काय, हा प्रश्न त्यामुळे रास्तपणे उभा राहिला. कॅन्सास राज्यात फ्रेडरिक केली ह्याने १९१५ च्या सुमारास वाचनाची एक कसोटी तयार केली; तिच्यात दिलेल्या पर्यायांतून उत्तराला केवळ खूण करावयाची होती. तपासणारा कोणीही असो, गुण तेवढेच. प्रमाणित कसोटी म्हणजे हेच: प्रश्न, वेळ, सूचना आणि गुणदान सर्वांना सारखे, आणि निकालाची तुलना आधी ठरविलेल्या मापाशी. तिचा जन्म अन्याय दूर करण्यासाठी झाला, हे तिच्या विरोधकांनीही विसरता कामा नये.

परंतु ह्याच सुमारास समुद्रापलीकडून दुसरा एक प्रवाह येऊन मिळाला, आणि पाण्याचा रंग पालटला. पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने ह्याने सिमोन ह्या सहकाऱ्यासह १९०५ साली ३० लहानलहान प्रश्नांची एक श्रेणी रचली होती. वर्गात मागे पडणारी मुले ओळखावी आणि त्यांना वेगळी, अधिक आस्थेची शिकवणूक द्यावी, एवढाच तिचा हेतू होता. बुद्धी ही उंचीसारखी एका फुटपट्टीने मोजता येते किंवा ती जन्मभर तेवढीच राहते, असे बिने मानीत नव्हता. अशा निराशावादाचा त्याने १९०९ साली निषेधच केला. १९११ साली तो वारला. त्यानंतर त्याच्या श्रेणीचे अमेरिकेत जे झाले ते पाहावयास तो उरला नाही.

स्टॅनफर्ड विद्यापीठातील लुइस टर्मन ह्याने १९१६ साली त्या श्रेणीची अमेरिकन आवृत्ती काढली आणि ‘बुद्ध्यंक’ हा शब्द घरोघर पोचविला. पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सुमारे १७ लाख सैनिकांना सामूहिक बुद्धिकसोट्या देण्यात आल्या. युद्ध संपताच त्याच धर्तीच्या कसोट्या शाळांसाठी तयार झाल्या, आणि कोणत्या मुलाने पुढे काय शिकावे व कोणी शिकू नये हे त्यांवरून ठरू लागले. मुलाला मदत कोणती हवी हे सांगण्यासाठी निर्माण झालेले साधन आता मूल कोण आहे हे सांगू लागले. एका प्रश्नाच्या जागी दुसरा प्रश्न आला, पण आकडा मात्र तोच राहिला. म्हणून हा बदल पुष्कळांच्या ध्यानातच आला नाही.

ज्यांच्या ध्यानात आला त्यांनी आवाज उठविला. वॉल्टर लिपमन ह्या पत्रकाराने १९२२ साली लेखमाला लिहून, सरासरी अमेरिकन प्रौढाची बुद्धी चौदा वर्षांच्या मुलाएवढी आहे ह्या निष्कर्षाची टर उडविली. सरासरी माणूस सरासरीहून कमी बुद्धीचा कसा असेल, हा त्याचा प्रश्न बिनतोड होता. होरेस मॅन बाँड ह्या तरुण कृष्णवर्णीय विद्वानाने १९२४ साली सैन्याचेच आकडे पुन्हा मांडून दाखविले. उत्तरेतील काही राज्यांतले कृष्णवर्णीय सैनिक दक्षिणेतील काही राज्यांतल्या गोऱ्या सैनिकांपेक्षा वरचढ ठरले होते. म्हणजे कसोटी वंश मोजीत नव्हती, शाळा मोजीत होती. बॉस्टनच्या त्या चिटणिसाचे नाव धारण करणाऱ्याने ही गोष्ट सांगावी, हा इतिहासातील एक अर्थपूर्ण योग म्हटला पाहिजे. सैन्याच्या आकड्यांवरून वंशांची उच्चनीचता सांगणारे पुस्तक कार्ल ब्रिगम ह्याने १९२३ साली लिहिले होते. १९३० साली त्यानेच आपले निष्कर्ष निराधार असल्याचे जाहीर केले. पण मधल्या काळात, १९२६ साली, त्याच्याच देखरेखीखाली महाविद्यालयीन प्रवेशासाठी ‘एसएटी’ ही परीक्षा सुरू झाली होती. कबुली विस्मृतीत गेली, परीक्षा राहिली.

पुढचे काम यंत्राने केले. पेन्सिलीच्या शिशातून वीज वाहते ह्या साध्या गोष्टीचा उपयोग करून रेनल्ड जॉन्सन ह्या शाळाशिक्षकाने उत्तरपत्रिका तपासणारे यंत्र शोधून काढले, आणि १९३० नंतरच्या दशकाच्या अखेरीस आयबीएम कंपनीने ते बाजारात आणले. आयोवा विद्यापीठातील ई. एफ. लिंडक्विस्ट ह्याने १९५५ च्या सुमारास प्रकाशाच्या साहाय्याने खुणा वाचणारे त्याहून कितीतरी वेगवान यंत्र सिद्ध केले. लिंडक्विस्टने १९३५ पासून आयोवातील शाळांसाठी कसोट्या चालविल्या होत्या. त्यांत भाग घेणे ऐच्छिक होते, आणि निकाल शिक्षकाने आपले शिकवणे सुधारावे म्हणून दिला जाई. यंत्राच्या वेगाबरोबर हा विवेक मात्र सर्वत्र पोचला नाही.

आपल्यासारख्या, परभाषेच्या प्रांतात घरची भाषा जपणाऱ्या वाचकांना ह्या इतिहासातील एक धागा विशेष जवळचा वाटेल. बिनेची श्रेणी हिंदुस्थानात आली तेव्हा धारवाडच्या व्ही. व्ही. कामत ह्यांनी ती मराठी आणि कानडी बोलणाऱ्या मुलांसाठी नव्याने बसविली. त्या कामावरील त्यांचे पुस्तक १९४० साली प्रसिद्ध झाले. पॅरिसच्या किंवा कॅलिफोर्नियाच्या मुलाला विचारलेला प्रश्न शब्दशः उलथवून धारवाडच्या मुलाला विचारता येत नाही. इथल्या मुलांना तो किती कठीण जातो हे इथेच तपासावे लागते, हे त्यांनी ओळखले होते. ह्याउलट खुद्द कॅलिफोर्नियात स्पॅनिश बोलणाऱ्या मुलांना इंग्रजी कसोट्यांवरून मंदबुद्धी ठरवून वेगळ्या वर्गांत बसविले जात होते. अशा नऊ मुलांच्या वतीने दाखल झालेला दावा १९७० साली तडजोडीने मिटला. स्पॅनिशमधून पुन्हा कसोटी घेतल्यावर त्यांतील बहुतेकांचे गुण लक्षणीय वाढले होते. मूल मंद नव्हते, प्रश्न परका होता. १९७९ साली कृष्णवर्णीय मुलांच्या बाबतीतही तेथील संघराज्य न्यायालयाने असाच कौल दिला.

१९६५ साली गरीब मुलांच्या शाळांना केंद्राचे साहाय्य देणारा कायदा झाला, आणि त्या पैशाचे चीज होते की नाही हे विचारले जाऊ लागले. १९६९ साली राष्ट्रीय पाहणी सुरू झाली. तिची रचना विचारपूर्वक केलेली होती. देशभरातील नमुन्याची मुले तपासावयाची, पण एकाही मुलाच्या नावे निकाल द्यावयाचा नाही. रुग्णाला दोष न देता रोगाची साथ मोजण्यासारखेच हे होते. परंतु १९८३ साली राष्ट्र संकटात असल्याचा इशारा देणारा सरकारी अहवाल आला, आणि २००२ च्या जानेवारीत राष्ट्राध्यक्षांनी सही केलेल्या कायद्याने तिसरी ते आठवीच्या प्रत्येक मुलाची दरवर्षी वाचन व गणित ह्यांची कसोटी बंधनकारक केली. २०१४ पर्यंत सर्व मुले प्रवीण झाली पाहिजेत, नाहीतर शाळेवर कारवाई, असा दंडक होता. हेतू थोर होता: ज्यांच्या मुलांकडे कोणी पाहत नव्हते त्यांचे आकडे वेगळे दाखविणे शाळांना भाग पडले. परिणाम मिश्र झाला. चित्रकला, संगीत, इतिहास ह्यांचे तास कसोटीच्या तयारीने अनेक शाळांत गिळले. अटलांटा शहरात शिक्षकांनीच उत्तरे खोडून दुरुस्त केल्याचे २०११ च्या चौकशीत उघड झाले, आणि २०१५ साली ११ जण दोषी ठरले. त्याच वर्षी न्यूयॉर्क राज्यात पाचातील एका मुलाच्या पालकांनी त्याला कसोटीस बसूच दिले नाही, आणि वर्षअखेरच्या नव्या कायद्याने कसोटी कायम ठेवून तिच्या परिणामांचा अधिकार बहुतांशी राज्यांकडे सोपविला.

मग पालकाने ते निकालपत्र कसे वाचावे? पर्सेंटाइल ७० म्हणजे ७० गुण नव्हेत; ज्या गटाशी तुलना केली त्यातील शेकडा ७० मुलांएवढी किंवा त्यांहून सरस कामगिरी, एवढाच त्याचा अर्थ. म्हणून तो गट कोणता हे आधी विचारावे. चौथीतील मुलापुढे सहावीचा आकडा दिसला तरी त्याला सहावीचा अभ्यास येतो असे होत नाही. दोन दिवशी घेतलेल्या कसोट्यांत तेच मूल दोन वेगळे आकडे मिळवील, हे गृहीत धरावे. कसोटीची भाषा मुलाची आहे काय, हे पाहावे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, ह्या आकड्यावरून कोण काय ठरविणार आहे, हे शाळेला स्पष्ट विचारावे. शिक्षक आपले शिकवणे सुधारणार असेल, तर कसोटीचे स्वागतच करावे. मुलाची वाट बंद होणार असेल, तर एका आकड्यावर समाधान मानू नये. दुसरा पुरावा मागावा.

२०२४ च्या नोव्हेंबरात मॅसॅच्युसेट्सच्या मतदारांनी एक निर्णय दिला. राज्याच्या कसोटीत उत्तीर्ण झाल्याखेरीज शालान्त पदविका नाही, ही दोन दशकांहून अधिक काळ चाललेली अट त्यांनी बहुमताने काढून टाकली. कसोटी मात्र काढली नाही. शाळा कशा चालल्या आहेत हे कळावे म्हणून ती चालूच राहिली. ज्या राज्यात शाळांची परीक्षा घेण्यासाठी पहिला छापील कागद मुलांपुढे आला, तेथेच पावणेदोनशे वर्षांनी त्या कागदाची मुलाच्या पदविकेवरील सत्ता काढून घेण्यात आली. ह्या निर्णयाचे फळ काय निघेल हे काळ ठरवील. परंतु ‘परीक्षा कोणाची’ हा प्रश्न तेथील सामान्य नागरिकांनी स्वतःच्या मताने विचारला, हे लहान काम नव्हे. आपल्याकडेही, जेथे टक्क्यांवरून मुलाची किंमत करण्याची सवय घराघरांत मुरलेली आहे, तो प्रश्न विचारला जाण्यास उशीर होऊ नये.