देउसकरांची बंगाली

महाराष्ट्राबाहेर मराठी शाळा चालविताना पालकांचा एक प्रश्न वारंवार समोर येतो : मराठीतून शिकलेले मूल इथल्या मातीचे होईल ना? अशा वेळी मला सखाराम गणेश देउसकर आठवतात. महाराष्ट्रात हे नाव फारसे कोणी घेत नाही. बंगालच्या स्वदेशी चळवळीचा इतिहास मात्र त्यांच्यावाचून पुरा होत नाही.

१८६९ मध्ये देवघरजवळील करौं या गावी, म्हणजे आजच्या झारखंडात, त्यांचा जन्म झाला. घराणे मूळचे कोकणातले. आई बालपणीच निवर्तली; सांभाळ आत्याने केला आणि मराठीची गोडीही तिनेच लावली. लेखन मात्र त्यांनी बंगालीत केले, आणि तेही अशा प्रांतात, जिथे मराठ्यांचे नाव भयाचे होते. १७४१ नंतरच्या दशकात नागपूरकर भोसल्यांच्या फौजांनी बंगालवर स्वाऱ्या केल्या. आपल्या इतिहासकथनात त्या पराक्रम म्हणून येतात. सोसणाऱ्यांची बाजू बंगाली अंगाईत उरली आहे. ‘बर्गी’ आले, असे सांगून तिथल्या आया मुलांना निजवीत. त्याच घरांतील वाचकांसाठी देउसकरांनी शिवचरित्रावर पुस्तिका लिहिल्या. ‘शिवाजीर दीक्षा’ या पुस्तिकेसाठी रवींद्रनाथांनी १९०४ मध्ये ‘शिवाजी-उत्सव’ ही कविता दिली.

त्याच वर्षी ‘देशेर कथा’ प्रसिद्ध झाले. परकीय राजवटीत इथला कारागीर आणि शेतकरी कसा नागवला गेला, याचा इंग्रजी ग्रंथांत अडकलेला हिशेब देउसकरांनी सामान्य वाचकाच्या हाती ठेवला. वंगभंगाच्या आंदोलनात हे पुस्तक पुष्कळ वाचले गेले. १९१० मध्ये सरकारने त्यावर बंदी घातली. त्यापूर्वी, सुरत काँग्रेसमधील फुटीनंतर, टिळकांविरुद्ध लिहिण्यास नकार देऊन त्यांनी ‘हितवादी’ पत्राचे संपादकपदही सोडले होते.

मराठी विसरल्यामुळे देउसकर बंगालचे झाले, असे मला वाटत नाही. मराठी येत होती, म्हणूनच बंगालला देण्याजोगे काही त्यांच्यापाशी होते. आणि बंगाली मनापासून आत्मसात केली, म्हणून ते देता आले. यांपैकी एकच भाषा असती, तर ‘शिवाजीर दीक्षा’ लिहिली गेली नसती.

१९१२ मध्ये देउसकर वारले. ‘देशेर कथा’ हिंदीत आणणाऱ्यांपैकी एक होते त्यांचे भाचे बाबूराव विष्णू पराडकर. जन्म वाराणसीचा, घरची भाषा मराठी, आणि पुढे हाती आले ते त्याच शहरातून १९२० मध्ये सुरू झालेले ‘आज’ हे हिंदी दैनिक.