खिम्याच्या पाकिटावरचं गवत

इथे अमेरिकेत बीफ खिम्याच्या पाकिटावर 'ग्रास-फेड, ९० टक्के लीन' वाचलं की मला गंमत वाटते. अहो, पूर्वी गुरं गवतच तर खायची! दुसऱ्या महायुद्धानंतर मका स्वस्त झाला, फीडलॉट वाढले, गुरं मक्यावर पोसली जाऊ लागली. मग गवत ही जास्त पैसे मोजायची गोष्ट झाली. कृषी खात्याने २००७ साली 'ग्रास-फेड'चं प्रमाण ठरवलं आणि २०१६ मध्ये मागेही घेतलं. म्हणून नुसत्या शब्दावर जाऊ नका, दावा कोणी तपासलाय ते बघा.

आणि गवत म्हणजे सुरक्षित, असंही नाही. १९९३ साली कच्च्या राहिलेल्या हॅम्बर्गरमधल्या ई. कोलाय जंतूंनी ७०० हून जास्त लोक आजारी पडले, चार मुलं दगावली. अख्ख्या तुकड्यावर जंतू बहुतेक वरवरच असतात, खिमा करताना ते आत मिसळतात. १९९४ पासून ओ१५७ हा जंतू असलेला कच्चा खिमा भेसळयुक्त ठरतो.

तर मंडळी, रंग बघून ठरवू नका, थर्मामीटर खुपसा. आतून ७१ अंश सेल्सिअस हवं. लीन खिमा चटकन कोरडा होतो, म्हणून चमचाभर तेल, भरपूर कांदा, मध्यम आच. ७१ झालं की लगेच उतरवा!