ध्वनिमुद्रित संभाषणाचे संपादन

ध्वनिमुद्रित संभाषणाचे संपादन : मुलाखत, चर्चा, साक्ष, मौखिक आठवणी इ. स्वरूपांतील मुद्रित बोलण्यामधून अनावश्यक भाग वगळणे, उरलेल्या भागांचा क्रम लावणे, त्यांचे सांधे कानास जाणवणार नाहीत असे जुळविणे आणि पार्श्वभूमीचा गोंगाट कमी करणे, या क्रियांचा यात समावेश होतो. संगीताच्या संपादनाहून हे काम एका बाबतीत वेगळे आहे. चुकीचा स्वर वगळल्याने गायन सुधारते. बोलण्यातील एक शब्द वगळल्याने मात्र वक्त्याचे म्हणणेच बदलू शकते. मराठीत हा धोका विशेष आहे, कारण नकारवाचक शब्द बहुधा वाक्याच्या अखेरीस येतो. ‘मी तसे म्हटले नाही’ या वाक्यातील शेवटचा शब्द कापला, तर उरलेले वाक्य व्याकरणदृष्ट्या पूर्ण, पण अर्थाने नेमके उलट होते. त्यामुळे या तंत्राचा इतिहास हा जसा उपकरणांचा, तसाच मुद्रित शब्दाच्या विश्वासार्हतेचाही इतिहास आहे.

पूर्वेतिहास : टॉमस आल्वा एडिसन यांच्या फोनोग्राफमध्ये (१८७७) आणि त्यानंतरच्या तबकडीत आवाज खोबणीच्या रूपाने कोरला जाई. तो कापता किंवा जोडता येत नसे; चूक झाल्यास पुन्हा मुद्रण करणे एवढाच उपाय होता. डॅनिश अभियंते व्हाल्डेमार पॉल्सन यांनी १८९८ मध्ये पोलादी तारेवर चुंबकीय मुद्रण साधले. तार तोडून गाठ मारता येई, तर पुढे वापरात आलेल्या पोलादी पट्टीचे तुकडे डाक देऊन जोडीत. परंतु हे काम किचकट होते. चित्रपटाच्या प्रकाशीय ध्वनिपट्टीने अधिक मोकळीक दिली. जर्मन दिग्दर्शक व्हाल्टर रुटमान यांनी १९३० मध्ये बर्लिनमधील बोलणे व आवाज यांचे तुकडे चित्रफितीवर जोडून ‘व्होखनएंडे’ ही चित्रविरहित ध्वनिरचना केली.

चुंबकीय फीत : फ्रिट्झ फ्लॉइमर यांनी १९२८ मध्ये लोहचूर्णाचा लेप दिलेल्या कागदी फितीचे एकस्व घेतले. त्यातून विकसित झालेले ‘मॅग्नेटोफोन’ हे यंत्र १९३५ मध्ये बर्लिन येथील प्रदर्शनात मांडण्यात आले. मुद्रणप्रवाहात उच्च कंप्रतेचा प्रत्यावर्ती प्रवाह मिसळण्याची युक्ती १९४० मध्ये अवलंबिल्यावर त्याची गुणवत्ता एकदम वाढली. दुसऱ्या महायुद्धानंतर जॅक मलिन यांनी ही यंत्रे अमेरिकेत नेली. गायक बिंग क्रॉझ्बी यांचा नभोवाणी कार्यक्रम १९४७ पासून फितीवर मुद्रित व संपादित होऊन प्रसारित होऊ लागला, तेव्हा फितीचे संपादन व्यवसाय म्हणून रुजले.

या संपादनाची साधने साधी होती : खाचेचा धातूचा ठोकळा, दाढीचे पाते, खडूची पेन्सिल व चिकटपट्टी. संपादक रिळे हातांनी पुढेमागे फिरवून शब्दाची सुरुवात ऐके, फितीच्या पाठीवर खूण करी आणि तिरकस छेद घेई. तिरकस छेदामुळे एक आवाज मावळत असताना दुसरा उमटतो व सांध्यावर खट् असा आवाज येत नाही. सेकंदास ३८ सेंमी. वेगाने धावणाऱ्या फितीवर एक सेकंदाचे बोलणे ३८ सेंमी. लांबीत पसरते, त्यामुळे एखादे अक्षरही वेगळे काढता येई. प्, त्, क् यांसारख्या स्पर्श व्यंजनांच्या उच्चारापूर्वी हवेचा मार्ग क्षणभर बंद होतो. ती सूक्ष्म शांतता हीच छेदाची सर्वांत सुरक्षित जागा होय. तसेच प्रत्येक खोलीची स्वतःची अशी ‘शांतता’ असते. तीही काही सेकंद मुद्रित करून ठेवीत व रिकाम्या जागी भरीत. श्वास सरसकट काढून टाकल्यास बोलणे निर्जीव वाटते, हाही अनुभव याच काळातला.

फितीमुळे सामान्य माणसाचा आवाज नभोवाणीवर त्याच्याच शब्दांत येऊ शकला. त्यापूर्वी ब्रिटनमध्ये कामगारांची संभाषणे लिहून काढून ती बहुधा नटांकडून वदवून घेत. चार्ल्स पार्कर, यूअन मकॉल व पेगी सीगर यांनी अपघातात मृत्यू पावलेल्या एका आगगाडीचालकावरील ‘द बॅलड ऑफ जॉन ॲक्सन’ (१९५८) या कार्यक्रमात त्याची पत्नी व सहकारी यांचे मूळ बोलणे गीतांत गुंफले. कॅनडात ग्लेन गूल्ड यांनी ‘दि आयडिया ऑफ नॉर्थ’ (१९६७) मध्ये स्वतंत्रपणे मुद्रित केलेल्या मुलाखती एकमेकींवर रचल्या. जी माणसे एकमेकांशी बोललीच नव्हती, त्यांचे संभाषण श्रोत्यांना ऐकू आले. ही कला होती. पण संपादन काय घडवू शकते, हेही तिने दाखवून दिले.

संशय व पुरावा : अमेरिकेचे अध्यक्ष रिचर्ड निक्सन यांच्या २० जून १९७२ च्या संभाषणाच्या फितीत सुमारे साडेअठरा मिनिटांची जागा पुसलेली आढळली. तज्ञांच्या समितीने फितीवरील चुंबकीय खुणा तपासून तो भाग किमान पाच वेळा पुसला गेल्याचे १९७४ मध्ये सांगितले. वगळलेले बोलणे मात्र परत मिळाले नाही. भारतीय सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातील एका लाचलुचपतीच्या खटल्यात १९६७ मध्ये मुद्रित संभाषण ग्राह्य मानले. परंतु फीत पुसता येत असल्याने असा पुरावा सावधपणे स्वीकारावा, असेही बजावले. मलकानी विरुद्ध महाराष्ट्र राज्य (१९७२) या निकालात व १९८५ मधील एका निवडणूक-खटल्यात आवाजाची ओळख पटणे, विषयाशी संबंध असणे व फेरफाराची शक्यता निरस्त होणे या अटी स्पष्ट झाल्या. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमानुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबतच्या प्रमाणपत्रात हॅश मूल्य नोंदवावे लागते. संचिकेत किंचितही बदल केल्यास हे मूल्य बदलते.

संगणकीय संपादन : अंकीय पद्धतीत ध्वनितरंगाचे ठराविक काळाने मापन करून त्या संख्या साठवितात. ध्वनितबकडीसाठी (सीडी, १९८२) सेकंदाला ४४,१०० मापने हे प्रमाण ठरले. या प्रमाणाने १६ बिटांच्या एका मार्गावरील तासभराच्या संभाषणास सुमारे ३१ कोटी ७५ लाख बाइट लागतात. त्यामुळे साठवण स्वस्त होईपर्यंत हे काम घरी शक्य नव्हते. १९८० नंतरच्या दशकात मॅकिंटॉश संगणकासाठी ‘साउंड डिझायनर’ व १९९१ मध्ये ‘प्रो टूल्स’ या आज्ञावल्या आल्या. विंडोजवर ‘कूल एडिट’ लोकप्रिय झाली. कार्नेगी मेलन विद्यापीठात १९९९ मध्ये सुरू झालेली ‘ऑडॅसिटी’ ही मोफत आज्ञावली २००० मध्ये प्रसृत झाली आणि संपादनाची साधने साध्या घरगुती संगणकावर पोहोचली.

पडद्यावरील तरंगरूपामुळे कानाच्या कामाला डोळ्यांची जोड मिळाली. कापलेला भाग परत आणणेही शक्य झाले. गोंगाट कमी करताना आज्ञावलीस प्रथम केवळ गोंगाटाचा नमुना देतात. ती त्यातील कंप्रतांचे प्रमाण मोजून तेवढा अंश संपूर्ण मुद्रणातून दडपते. हे अतिरेकाने केल्यास आवाज पाण्याखालून आल्यासारखा भासतो. येथे एक विसंगती लक्षणीय आहे. वीजपुरवठ्याची ५० हर्ट्झ कंप्रतेची गुणगुण घरगुती संपादक दोष म्हणून पुसतो. परंतु त्या कंप्रतेतील सूक्ष्म चढउतारांवरूनच न्यायवैद्यक तज्ञ मुद्रणाची वेळ व अखंडता तपासू शकतात. स्वच्छता व पुरावा ही उद्दिष्टे परस्परविरोधी ठरू शकतात.

‘डिस्क्रिप्ट’सारख्या (२०१७) आज्ञावलीत लिखित प्रतीतील शब्द खोडला की आवाजातूनही तो वगळला जातो, वक्त्याच्या आवाजात न बोललेला शब्द घडविणेही आता शक्य झाले आहे. त्यामुळे जुना नियम अधिकच महत्त्वाचा ठरतो : मूळ मुद्रण अस्पर्श राखावे, संपादन प्रतीवर करावे, केलेल्या बदलांची नोंद ठेवावी आणि प्रश्न व उत्तर यांची मूळ जोडी मोडू नये. अडखळणे वगळता येते. परंतु उत्तरापूर्वीची दीर्घ शांतता पुष्कळदा उत्तराचाच भाग असते.