कानाची इंग्रजी आणि डोळ्यांची इंग्रजी

इंग्रजी शब्द शिकायचे म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे शाळा उभी राहते. फळा, खडू, स्पेलिंगांची घोकंपट्टी आणि कोपऱ्यात टेकून ठेवलेली छडी! पण थोडे मागे जाऊन पाहिले तर असे दिसते की, महाराष्ट्रातल्या सामान्य माणसाने आपली पहिली इंग्रजी शाळेत घेतलीच नाही. ती त्याने घेतली छावणीत, कोर्टाच्या ओट्यावर, रेल्वेच्या फलाटावर आणि गिरणीच्या खात्यात. अक्षरओळख नसलेल्या माणसांनी ती घेतली, आणि घेतली ती पक्की घेतली.

एकच उदाहरण पाहा. रात्रीच्या वेळी छावणीच्या वाटेवर कोणी चालून आले की पहारेकरी ओरडून विचारी, 'हू कम्स देअर?' म्हणजे, कोण येते आहे तिकडे? कंपनी सरकारच्या फौजेत नोकरीला गेलेल्या आपल्याकडच्या शिपायांना हे तीन शब्द ठाऊक नव्हते आणि त्यांचे व्याकरणही ठाऊक नव्हते. त्यांच्या कानांनी तो सबंध आवाज उचलला आणि त्याचे 'हुकुमदार' करून टाकले. हुकूम हा शब्द ओळखीचा, दार हा प्रत्यय ओळखीचा, काम झाले! कोणत्या वेळी, कोणत्या आवाजात आणि कशासाठी हे म्हणायचे यात मात्र शिपाई कधी चुकला नाही. भाषा शिकणे म्हणजे याहून निराळे काय असते?

अशा कानाने घेतलेल्या शब्दांची आपल्या घरांतून आजही दाटी आहे. 'लॉर्ड'चा लाट झाला आणि मग लाटसाहेब आले. 'गार्ड'ची गारद झाली, 'ऑर्डरली'चा अर्दली झाला. 'टंबलर' म्हणजे पाणी पिण्याचा पेला. त्याचे टमरेल झाले आणि त्याच्या नशिबी पुढे कोणते काम आले ते मी सांगायला नको. दिव्याच्या काचेला इंग्रजीत चिमणी म्हणतात. आपण त्या लहानशा दिव्यालाच चिमणी म्हणू लागलो, कारण अंगणात दाणे टिपणारी चिमणी आपल्या ओळखीची होती. १८५३ साली १६ एप्रिलला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी धावली आणि तिच्याबरोबर स्टेशन, तिकीट, इंजिन, सिग्नल ही मंडळी गावोगाव उतरली. 'प्लॅटफॉर्म' एवढा लांबलचक शब्द कोण म्हणत बसणार? त्याचा फलाट झाला.

आणि हे शब्द नुसते राहायला आले नाहीत, त्यांनी आमच्या घरचे रीतिरिवाज उचलले. तिकिटाचे अनेकवचन आपण तिकिटे असे करतो, त्याला विभक्ती लावताना तिकिटाला, तिकिटाचा असे म्हणतो. बस आली, मोटार आली. ती स्त्रीलिंगी, बहुधा गाडी स्त्रीलिंगी म्हणून. 'मास्टर'चा मास्तर झाला, मास्तराची मास्तरीण झाली, आणि त्या धंद्याला मास्तरकी हे नाव मिळाले. 'मास्तरकी' हा शब्द ऐकून लंडनच्या माणसाला त्यात आपले काही आहे असे स्वप्नातही वाटणार नाही. १८६७ च्या मुंबई ग्रामपोलीस कायद्याने पोलीस पाटील हे पद बांधून दिले. अर्धे नाव इंग्रजी, अर्धे आपल्या मातीतले. पण गावात कोणाला ते जोडनाव वाटत नाही. त्यापूर्वी पोर्तुगीजांच्या चावी, बटाटा, पाव, पगार या शब्दांचेही असेच झाले होते. पहिल्या तारखेला पगार हातात घेताना आपण पोर्तुगीज बोलतो आहोत, असे कोणाच्या मनात येते का?

आता शाळेकडे वळू. गंमत अशी की, इंग्रजी राज्याच्या सुरुवातीला आपण साहेबाची भाषा शिकण्याआधी साहेबच आपली भाषा शिकत होता. मोल्सवर्थचा प्रचंड कोश १८३१ साली निघाला, तो मराठी-इंग्रजी होता. शास्त्रीमंडळींना हाताशी धरून त्याने आणि कँडीबंधूंनी शब्द गोळा केले. १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीत ते सुमारे साठ हजारांवर गेले. उलट बाजूचा, म्हणजे इंग्रजीचा मराठी अर्थ सांगणारा, कँडीचा कोश १८४७ साली आला. दरम्यान ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी 'दर्पण' काढले. त्यात एका स्तंभात इंग्रजी आणि शेजारी मराठी मजकूर असे. दोन भाषा शेजारीशेजारी ठेवून वाचण्याची सवय आपल्याला लागली ती इथून.

पुढे १८३५ साली मेकॉलेचे टिपण आले, १८५४ साली वुडचा खलिता आला, १८५७ साली मुंबई विद्यापीठ निघाले. वरच्या शिक्षणाची आणि सरकारी नोकरीची वाट इंग्रजीतून जाणार हे ठरून गेले. मग ती डोळ्यांनी शिकायची भाषा झाली. आधी लिपी, मग स्पेलिंग, मग व्याकरण आणि अखेर, जमलेच तर, बोलणे! शिपायाने जी वाट उजवीकडून चालली होती तीच विद्यार्थी डावीकडून चालू लागला. परीक्षेत पास झालेला आणि साहेबापुढे उभे राहताच घाम फुटलेला पदवीधर, हे या पद्धतीचे पीक आहे असे माझे स्पष्ट मत आहे.

तरीपण या डोळ्यांच्या इंग्रजीला नावे ठेवताना जरा जपून बोलले पाहिजे. जोतिराव फुले १८४१ ते १८४७ या काळात पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले, म्हणून टॉमस पेनचे मानवी हक्कांवरचे पुस्तक त्यांना वाचता आले. सावित्रीबाईंच्या १८५४ सालच्या 'काव्यफुले' या संग्रहात इंग्रजी शिकण्याचा आग्रह धरणारी कविता आहे. ज्यांच्यासाठी संस्कृतची दारे बंद होती त्यांना या परक्या भाषेत एक उघडे दार दिसले. रामजी सुभेदारांनी मुलाकडून हॉवर्डची इंग्रजी पुस्तके आणि तर्खडकरांची भाषांतर पाठमाला पाठ करून घेतली. तो मुलगा १९०७ साली मॅट्रिक झाला आणि १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेला. घोकंपट्टी म्हणून आपण ज्या पुस्तकांना हसतो त्यांच्या पानांवरून डॉ. बाबासाहेब आंबेडकर पुढे गेले आहेत.

मग फरक कशात होता? सुभेदार स्वतः लष्करी शाळेतले शिक्षक. घरात पुस्तक होते, आणि रोज समोर बसवून म्हणून घेणारा माणूसही होता. तर्खडकरांच्या पाठमालेची रीतही साधी : मराठी वाक्याचे इंग्रजी करायचे आणि इंग्रजी वाक्याचे मराठी. सुटा शब्द नव्हे, वाक्य. ज्या मुलाला पुस्तक मिळाले पण बोलायला माणूस मिळाला नाही, त्याच्या हाती फक्त स्पेलिंगे राहिली. आमच्या खेड्यांतल्या मुलांची खरी अडचण तीच होती आणि पुष्कळ ठिकाणी आजही तीच आहे. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले. पण पहिलीतल्या पोराला आजही आधी ए-बी-सी-डी गिरवायला लावतात.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, रोजच्या बोलण्यातली वाक्ये सबंधच उचलावी लागतात, ती फोडून चालत नाही. निघताना आपण 'येतो' म्हणतो. शब्दाशब्दाने अर्थ लावणाऱ्या इंग्रजाला वाटेल, हा गृहस्थ जातो आहे का येतो आहे? तसेच 'हाऊ डू यू डू' याचे सुटे शब्द लावत बसलात तर 'तुम्ही कसे करता' असे काहीतरी विचित्र हाती येईल. तो नुसता नमस्कार आहे आणि त्याचे उत्तरही तेच. 'प्लीज'साठी तर आपल्याला वेगळा शब्दच लागत नाही. 'जरा पाणी देता का?' यातल्या 'जरा'मध्ये आणि 'देता का'मध्ये ती विनंती मुरलेली असते. मुलाला हे एकदा दाखवले की त्याला इंग्रजीही कळते आणि स्वतःची मराठीही नव्याने दिसते.

एक गोष्ट करून पाहा. येत्या आठवड्यात वर्गातल्या मुलांना सांगा, घरी आजी-आजोबांपाशी बसा आणि त्यांच्या बोलण्यातले मूळचे इंग्रजी शब्द वेचून आणा. बटण येईल, पाकीट येईल, डझन, वारंट, अपील येईल. एखाद्याचे आजोबा गिरणीत असतील तर त्याच्या वहीत बॉबिन आणि जॉबर येईल. फौजेत असतील तर परेड येईल. ते शब्द फळ्यावर मांडा, शेजारी त्यांचे मूळ इंग्रजी रूप लिहा आणि मग त्यातला एकेक शब्द घेऊन मुलांकडून एकेक लहान वाक्य मोठ्याने म्हणून घ्या. स्पेलिंग दुसऱ्या दिवशी शिकवले तरी चालेल.