काळे कुंकू

कामरगावच्या आमच्या घरात आजीची एकच तसबीर आहे. कपाळावर ठसठशीत काळा टिळा. पदर गळ्याभोवती ओढून घेतलेला, त्यामुळे मंगळसूत्र असेल-नसेल ते दिसत नाही. चौकट खांद्याशी संपते, म्हणजे बांगड्यांचाही पुरावा गेला. वडील सांगत, आजोबा गेल्यानंतरचा हा फोटो, टिळा बुक्क्याचा. आत्याला ते कधीच पटले नाही. टिळा कुंकवाचाच, असे ती म्हणे. वडील गेले, आत्या ऐंशीला टेकली, आणि जुन्या छायाचित्रांच्या नोंदी करत गावोगाव हिंडणाऱ्या मला घरातल्याच फोटोचा काळ लिहिता येईना.

जुन्या ऑर्थोक्रोमॅटिक काचा आणि फिल्म यांना तांबडा रंग दिसत नसे. निळे पांढरट उमटे, तांबडे काळे. पॅन्क्रोमॅटिक फिल्म आल्यावरही लहान स्टुडिओंना ऑर्थो सोयीची होती, कारण ती लाल दिव्यात उघड्या डोळ्यांनी धुता येते. म्हणजे कुंकूही काळे दिसू शकते. पण हे पुस्तकी ज्ञान आत्यापुढे ठेवून काय उपयोग? करून दाखवायला हवे होते.

इलफर्डची ऑर्थो प्लस ही फिल्म आजही मिळते. रोल महाग, म्हणून आधी डिजिटल कॅमेऱ्यावर चाचणी घ्यायची असे ठरवले. यात नवे काही नाही. दादासाहेब फाळके १९१२ साली लंडनहून विल्यमसन कॅमेरा घेऊन आले. 'राजा हरिश्चंद्र'ला हात घालण्यापूर्वी त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि त्याच्या वाढीची रोज थोडी थोडी चित्रे घेऊन 'अंकुराची वाढ' हा चिमुकला चित्रपट केला. तो भांडवल देणाऱ्यांना दाखवण्यासाठी होता हे सगळे सांगतात. मला ती कॅमेऱ्याची, फिल्मची आणि धुलाईचीही परीक्षा वाटते. पुढे छायाचित्रकार पोलरॉइडवर झटपट नमुना काढून मग खरी फिल्म खर्च करू लागले. पोलरॉइडने २००८ मध्ये ती फिल्म बनवणे थांबवले, तोवर डिजिटल पडदा त्या जागी येऊन बसला होता.

माझा पहिला रोल वाया गेला. संध्याकाळी, माजघरातल्या पिवळ्या बल्बखाली आत्याला बसवले, डिजिटलवर चित्र सुरेख आले, तेच छिद्र आणि तोच वेग फिल्मवर लावला. निगेटिव्ह इतकी पातळ, की हातात नुसती काचेसारखी पट्टी. चूक पडद्याची नव्हती, माझी होती. या फिल्मची गती दिवसाच्या उजेडात ८०, बल्बखाली मात्र ४०. बल्बचा उजेड बराचसा तांबडा, आणि तो तिच्या लेखी अंधारच. डिजिटल संवेदकाला तो भरपूर दिसत होता. फाळक्यांचे चित्रण सूर्यप्रकाशावर का चाले, सरस्वतीबाई पांढऱ्या चादरी धरून उन्हात उभ्या राहत त्या कशासाठी, हे त्या कोऱ्या पट्टीने मला समजावले. मूकपटांतल्या नटांचे चेहरे पांढरे फासलेले का, तेही. त्वचेतली लाली काळी पडते.

दुसऱ्या वेळी सकाळी दहाला आत्याला ओसरीत बसवले. शेजारी धुतलेले पांढरे धोतर दोरीवर पसरले. डिजिटल चित्रातला तांबडा भाग संगणकावर पूर्ण काढून टाकला, तेव्हा पडद्यावरच कुंकू काळे झाले. सावलीच्या बाजूला सुरकुत्या दिसेपर्यंत उजेड सरकवला, वर एक स्टॉप जास्त दिला. डिजिटलमध्ये उजळ भाग जळण्याची भीती, निगेटिव्हमध्ये सावली रिकामी राहण्याची. ही उलटी गणिते एकाच आकड्यात बसत नाहीत.

प्रिंट आली. कुंकू काळेकुट्ट. ओठ गडद, लुगड्याचे लाल काठही गडद. आजीच्या तसबिरीत ओठ असेच आहेत. तिची काच तांबड्याला आंधळी होती, एवढे त्यावरून म्हणता येते. टिळा बुक्क्याचा असता तरी काळाच उमटला असता, तेव्हा आत्याचे म्हणणे सिद्ध झाले असे मी लिहू शकत नाही. वडिलांचा एकमेव आधार मात्र गेला.

आत्याने प्रिंट हातात घेतली, कपाळाला बोट लावून पाहिले. मामंजी अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. तिने एकदा तिकडे पाहिले आणि म्हणाली, "हा फोटो भिंतीवर नोको लावू बापा."

तसबिरीमागे वडिलांच्या अक्षरात 'बाबा गेल्यानंतर' असे आहे. ते मी खोडले नाही. खाली पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढले.