अतिरिक्त कार्यभार

बेंगळुरूच्या सर्जापूर रोडवरून शहराबाहेर जाऊ लागलो की काही अंतरावर महापालिकेची हद्द संपते आणि आनेकल तालुक्यातील गावे सुरू होतात. 2020 च्या डिसेंबरात कर्नाटकात ग्रामपंचायतींच्या निवडणुका झाल्या. त्याच वर्षी 10 सप्टेंबरला महापालिकेची मुदत संपली होती. तेथे मात्र निवडणूक न होता प्रशासक आला. पुढे प्रभागरचना आणि आरक्षण यांच्या वादात वर्षे गेली. 2025 च्या सप्टेंबरात एका महापालिकेच्या पाच झाल्या, तोवर या रस्त्यावरील शहरी रहिवाशाला तुंबलेल्या गटाराची तक्रार नेण्यासाठी नगरसेवकच उरला नव्हता.

प्रभाग व आरक्षण ठरवण्यात राज्य सरकारचा हात असतो, आणि निवडणुकीत हितसंबंधही त्याचेच असतात. म्हणूनच सरकारला 'हे नियमात बसत नाही' असे सांगू शकणारा कोणीतरी लागतो. 1993 मध्ये अमलात आलेल्या 73 व्या आणि 74 व्या घटनादुरुस्तीने त्यासाठी प्रत्येक राज्यात निवडणूक आयोग निर्माण केला. अनुच्छेद 243-ट नुसार राज्य निवडणूक आयुक्ताची नेमणूक राज्यपाल करतात, आणि उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाला ज्या पद्धतीने दूर करता येते त्याच पद्धतीने त्याला दूर करता येते. पदावरून काढण्याची वाट अशी बिकट केली. परंतु त्या पदावर कोणाला बसवावे, याबद्दल अनुच्छेद मौन बाळगतो. पात्रता ठरवणे राज्यांवर सोपवले गेले.

या मौनाचा अर्थ गोव्यात उघड झाला. नोव्हेंबर 2020 मध्ये राज्याच्या कायदा सचिवांकडे निवडणूक आयुक्तपदाचा अतिरिक्त कार्यभार देण्यात आला. आम्हां शासकीय अधिकाऱ्यांना यात प्रथमदर्शनी वावगे वाटणार नाही. पद रिकामे राहिले की शेजारच्या अधिकाऱ्याने ते सांभाळायचे, म्हणजे फाइल अडत नाही. त्यातून कायदा सचिव कायद्याचा जाणकार; विद्वत्तेच्या दृष्टीने पात्रता निर्विवाद. पण सकाळी सरकारला सल्ला देणाऱ्याने दुपारी त्याच सरकारच्या आदेशावर निःपक्ष नजर कशी ठेवावी?

प्रश्न लवकरच कसोटीला लागला. मडगाव, म्हापसा, मुरगाव, केपे आणि सांगे या पाच नगरपालिकांच्या प्रभाग आरक्षणाला आव्हान दिले गेले. महिलांसाठी किमान एक तृतीयांश जागा हा त्यातील एक मुद्दा होता. 1 मार्च 2021 रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने ते आरक्षण रद्द केले. 12 मार्चला न्या. रोहिंटन नरिमन यांच्या अध्यक्षतेखालील सर्वोच्च न्यायालयाच्या पीठाने तो निर्णय कायम ठेवला आणि त्यापुढे जाऊन देशभरासाठी दंडक घातला: केंद्र वा राज्य सरकारच्या सेवेत असलेली व्यक्ती राज्य निवडणूक आयुक्त असू शकत नाही. आधीचे पद सोडूनच या पदावर यावे लागेल.

याच्या एक वर्ष आधी आंध्र प्रदेशाने दुसरी बाजू दाखवली होती. करोनामुळे आयुक्त रमेश कुमार यांनी मार्च 2020 मध्ये स्थानिक निवडणुका पुढे ढकलल्या. सरकारला ते रुचले नाही. एप्रिलमध्ये अध्यादेश निघाला. आयुक्ताची मुदत पाचावरून तीन वर्षांवर आली आणि पात्रता बदलून उच्च न्यायालयाचा निवृत्त न्यायाधीश अशी झाली. निवृत्त न्यायाधीश हा निकष कागदावर निश्चितच उच्च होता. तरीही 29 मे रोजी उच्च न्यायालयाने अध्यादेश रद्दबातल ठरवला, आणि पुढे रमेश कुमार पदावर परतले.

दोन्ही प्रकरणांचा बोध एकच आहे. पात्रता म्हणजे पदवी, ज्येष्ठता वा कायद्याचे ज्ञान एवढेच नव्हे. नेमणाऱ्याला नकार देण्याइतका मोकळेपणा हा तिचा पहिला घटक होय. अतिरिक्त कार्यभाराने अधिकारी मिळतो, तो मोकळेपणा मिळत नाही. शिवाय नेमणूक आजही सरकारच्याच सल्ल्याने होते. सेवेतून बाहेर पडलेल्यांपैकी कोणाला निवडायचे, हे सरकारच ठरवते. निकालाने चुकीच्या माणसासाठी दार लावले. योग्य माणूस शोधण्याची पद्धत अजून घडवायची आहे.

परराज्यात राहणारी आपण मराठी मंडळी विधानसभेच्या निकालासाठी रात्र जागवतो, पण आपल्या वस्तीच्या निवडणुकीवर देखरेख ठेवणारा कोण, हे विचारत नाही. पाणी आणि कचरा ज्यांच्या हाती, त्यांची निवड वेळेवर होणे या एका नेमणुकीवर पुष्कळसे अवलंबून असते. ते विचारण्याची सवय आपण लावून घ्यायला हवी.